डिजिटल प्रॉडक्ट सोशल मीडियावर विकायचंय? मग सुरुवात डाउनलोडपासून करा

गेली काही वर्षं मी सोशल मीडियावरून डिजिटल प्रॉडक्ट विकतेय, एक्सेल शीट, टेम्पलेट, छोट्या पीडीएफ गाईड वगैरे. नव्याने सुरुवात करणारा जो कोणी मला मेसेज करतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रोज किती पोस्ट टाकायच्या, रील्स किती, हॅशटॅग कुठले. मी सांगते पोस्टचं नंतर बघू, आधी मला हे दाखवा की माणसाने पैसे भरले की पुढच्या दोन मिनिटांत त्याच्या मोबाइलवर काय होतं. बहुतेक जण तिथेच अडतात.

माझं पहिलं प्रॉडक्ट होतं फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी हिशोबाची शीट. कोणाकडून किती येणं बाकी आहे, बिल कधी पाठवलं, आठवण कधी करायची, एवढंच. महिनाभर जीव तोडून पोस्टी टाकल्या, लोक आले, थोड्यांनी घेतलीसुद्धा, आणि त्याच रात्री मेसेज यायला लागले की फाईल उघडत नाहीये. मी झिप करून दिली होती, आतल्या शीटमध्ये मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञा) होते, आणि घेणारी जवळजवळ सगळी माणसं मोबाइलवर होती जिथे एक्सेलचे मॅक्रो चालतच नाहीत. मी स्वतः ती शीट लॅपटॉप सोडून दुसरीकडे कधी उघडून बघितली नव्हती. सगळ्यांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून मी कुठलंही प्रॉडक्ट उलट्या बाजूने बांधते, आधी डाउनलोड, मग पेमेंट, मग विक्रीचं पान, मग प्रोफाइल आणि पोस्ट सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे, फक्त त्याआधी प्रॉडक्ट कोणासाठी हे ठरवायची एक पायरी आहे.

पायरी १: एक माणूस, त्याची एक अडचण

फॉलोअर्स किती आहेत हे इथे विसरून जा. तुम्हाला एकच वाक्य लिहायचंय, "हे प्रॉडक्ट अमुक माणसाला अमुक काम अमुक वेळात करून देतं." माझं होतं, "फ्रीलान्सरला कोणाकडून किती पैसे यायचेत हे पाच मिनिटांत कळतं." हे वाक्य जमत नसेल तर प्रॉडक्ट खूप मोठं झालंय असं समजा. "सोशल मीडियाचा संपूर्ण कोर्स" यापेक्षा "फोटोग्राफरने क्लायंटला पाठवायचे दहा तयार ईमेल" हे विकायला कितीतरी सोपं, कारण घेणाऱ्याला लगेच कळतं की हे आपल्यासाठी आहे.

अडचण शोधायला कुठलंही महागडं टूल लागत नाही. तुमच्या विषयातल्या मोठ्या अकाउंटच्या कमेंट वाचा, तिथे एकच प्रश्न वेगवेगळी माणसं पुन्हा पुन्हा विचारत असतात. यूट्यूबच्या सर्चमध्ये विषयाचे दोन शब्द टाकून खाली काय काय सुचवतंय ते बघा. फेसबुक ग्रुपमध्ये "कोणाकडे आहे का", "कसं करायचं" असे शब्द टाकून शोधा. आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे एका वहीत उतरवून घ्या, हेच शब्द पुढे विक्रीच्या पानावर आणि पोस्टमध्ये वापरायचेत. तज्ज्ञ माणूस "कॅश फ्लो मॅनेजमेंट" म्हणतो, अडचणीतला माणूस म्हणतो "पैसे कुठे अडकलेत तेच कळत नाही". दुसरं वाक्य विकतं.

सगळं बनवून झाल्यावर विकायला काढू नका. अर्धवट कच्ची आवृत्ती पाच-सात ओळखीच्या माणसांना वापरायला द्या आणि ते वापरत असताना शेजारी बसा किंवा स्क्रीन शेअर करायला सांगा, आणि मध्ये बोलू नका. कुठे थांबतात, कुठे भलतंच बटण दाबतात, ते बघा. हे करताना जे कळतं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकायला मिळत नाही हे मी मनापासून सांगतेय.

पायरी २: फाईल माणसाच्या हातात नीट पडली पाहिजे

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण यावर कोणी बोलत नाही.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधून कोणी तुमची लिंक दाबली की ती बहुतेक वेळा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथे फाईल डाउनलोड करायला गेलं की ती कधी अडकते, कधी झाली तरी कुठे गेली ते सापडत नाही. म्हणून पेमेंट झाल्यावर नुसतं स्क्रीनवर डाउनलोडचं बटण देऊन भागत नाही, तीच लिंक ईमेलवरही गेली पाहिजे. आणि "ईमेल दिसत नसेल तर स्पॅम फोल्डर बघा" ही ओळ थँक्यू पेजवर मोठ्या अक्षरात लिहा.

झिप शक्यतो टाळा. पीडीएफ असेल तर मोबाइलवर झूम न करता वाचता येईल एवढा फॉन्ट ठेवा आणि फाईल कॉम्प्रेस करून घ्या. शीट विकायची असेल तर गुगल शीट्सची लिंक द्या, त्या लिंकच्या शेवटी इंग्रजीत "एडिट" लिहिलेलं असतं, ते आणि त्याच्यापुढे जे काही असेल ते काढून तिथे "कॉपी" लिहिलं की उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत बनवायचा पर्याय येतो आणि तुमच्या मूळ शीटला कोणी हात लावू शकत नाही. शेअरिंग मात्र "लिंक असलेला कोणीही बघू शकतो" असं ठेवावं लागतं, नाहीतर ॲक्सेस मागणारे मेल रात्रभर येत राहतात. नोशन (नोट्स आणि नियोजनाचं ॲप) टेम्पलेटला डुप्लिकेट करायचा पर्याय चालू ठेवायचा, कॅनव्हाला (डिझाइनचं ॲप) टेम्पलेट लिंक द्यायची.

फाईलसोबत एक पानाचं "इथून सुरू करा" द्या. पहिल्यांदा काय उघडायचं, पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, अडलं तर कुठे मेसेज करायचा. लोक डिजिटल वस्तू घेतात आणि उघडतच नाहीत, ज्याने उघडलंच नाही तो रिव्ह्यू कुठून देणार आणि दुसऱ्याला काय सांगणार.

हक्कांचं पण इथेच बघून घ्या. फुकट मिळालेला फॉन्ट व्यावसायिक वापराला चालतोच असं नाही, त्याचं लायसन्स वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (निर्मात्याने इतरांना वापरायला खुली केलेली तयार लायसन्स) ज्या लायसन्समध्ये नॉन-कमर्शियल अशी अट आहे ते चित्र विकायच्या वस्तूत घालता येत नाही. कॅनव्हावर टेम्पलेट बनवून विकता येतं पण तिथली चित्रं किंवा फोटो जसेच्या तसे सुटे विकता येत नाहीत.

पायरी ३: दुकान कुठे मांडायचं

सुरुवातीला स्वतःची वेबसाइट बनवत बसू नका. गमरोड ही डिजिटल वस्तू विकायची तयार वेबसाइट २०११ पासून याच कामासाठी आहे, महिन्याची फी नाही, थेट विक्रीवर १० टक्के आणि प्रत्येक विक्रीमागे एक छोटी ठरलेली रक्कम कापतात. तशाच पेहिप नावाच्या वेबसाइटच्या फुकट प्लॅनवर ५ टक्के कापले जातात. पेमेंट कंपनीचं शुल्क काही ठिकाणी यात धरलेलं असतं आणि काही ठिकाणी वेगळं, ते नीट वाचून घ्या. एट्सी या ऑनलाइन बाजाराचा फायदा असा की तिथे लोक आधीच विकत घ्यायच्या इराद्याने शोधत असतात. पण एका लिस्टिंगला ५ फायली आणि प्रत्येक फाईल २० एमबीपर्यंतच, म्हणून मोठी वस्तू असेल तर तिथे लिंक असलेली पीडीएफ चढवावी लागते, आणि लिस्टिंग दर ४ महिन्यांनी पैसे भरून पुन्हा चालू करावी लागते.

दुकान निवडताना एक गोष्ट मात्र लक्षात घ्या जी मला खूप उशिरा कळली. डिजिटल वस्तूवर बऱ्याच देशांत घेणारा जिथे राहतो तिथला कर लागतो, युरोपियन युनियनमध्ये २०१५ पासून व्हॅट असाच आहे. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पाच देशांत असेल तर पाच प्रकारचे नियम. काही प्लॅटफॉर्म "मर्चंट ऑफ रेकॉर्ड" म्हणून काम करतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विक्रेते तेच असतात आणि हे परदेशातले कर तेच गोळा करून भरतात, गमरोड १ जानेवारी २०२५ पासून असं करतंय. दोन-चार टक्के जास्त गेले तरी परदेशात विकणाऱ्या एकट्या माणसाला हे परवडतं असं माझं मत आहे. तुमच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर अर्थात तुम्हालाच बघायचाय.

पायरी ४: विक्रीचं पान

वरच्या भागात तीनच गोष्टी. पायरी १ मधलं ते एक वाक्य, वस्तूचा खरा स्क्रीनशॉट किंवा वीस-तीस सेकंदाचा स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, आणि विकत घ्यायचं बटण. थ्रीडी पुस्तकासारखं दिसणारं मॉकअप मला अजिबात आवडत नाही, पीडीएफला जाड पुस्तकाचं रूप दिलं की घेणाऱ्याची अपेक्षा चुकते आणि मग परतावा मागितला जातो.

खाली लिहा आत काय काय आहे, किती पानं किंवा किती शीट, कुठल्या ॲपमध्ये उघडतं, मोबाइलवर चालतं का, भाषा कुठली, अपडेट मिळणार का. आणि हे कोणासाठी नाही ते पण लिहा. माझ्या पानावर स्पष्ट लिहिलंय की तुमच्याकडे कर्मचारी असतील तर ही शीट पुरणार नाही. ही ओळ टाकायला मला भीती वाटत होती, पण ती टाकल्यापासून परताव्याच्या मागण्या जवळजवळ थांबल्या.

परताव्याचा नियम आधीच ठरवून दोन ओळींत लिहून ठेवा. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करायचा हक्क असतो, डिजिटल वस्तूच्या बाबतीत घेणाऱ्याने आधी स्पष्ट संमती देऊन डाउनलोड सुरू केलं असेल तर तो संपतो, पण कायदा काहीही असो, मी स्वतः विचारणाऱ्याला परत करून टाकते. भांडत बसण्यात जो दिवस जातो त्यात नवीन पोस्ट होते.

किमतीबद्दल जास्त लिहीत नाही. फार स्वस्त ठेवू नका, स्वस्त वस्तूचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मेसेज करतं हा माझा अनुभव आहे. एकाच्या ऐवजी दोन पर्याय ठेवा, नुसती फाईल आणि फाईल अधिक व्हिडिओ. आणि दर आठवड्याला सेल लावू नका, लोक पुढच्या सेलची वाट बघत बसायला शिकतात.

पायरी ५: एकच प्लॅटफॉर्म, आणि प्रोफाइल

सगळीकडे थोडं थोडं करण्यापेक्षा एका जागी सहा महिने टिकून राहा. वस्तू दिसायला छान असेल, प्लॅनर, प्रीसेट, डिझाइन, तर पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम. पिंटरेस्ट हे खरं तर सर्च इंजिन आहे, उभ्या २:३ मापाच्या म्हणजे १००० बाय १५०० पिक्सेलच्या पिनवर थेट लिंक लागते आणि चांगली पिन महिनोनमहिने लोक आणत राहते. समजावून सांगावी लागणारी वस्तू असेल तर यूट्यूब, कारण तिथे माणूस अडचण घेऊनच सर्च करतो. मात्र शॉर्ट्सच्या (यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या) डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत, त्यामुळे शॉर्टला तुमचा मोठा व्हिडिओ जोडा आणि लिंक त्या व्हिडिओच्या खाली ठेवा. नोकरी-व्यवसायाशी संबंधित वस्तूला लिंक्डइन, तिथे पीडीएफ चढवली की पानं सरकवत वाचता येतात आणि टेम्पलेटची झलक दाखवायला ते फार उपयोगी आहे.

इन्स्टाग्रामवर असाल तर प्रोफेशनल अकाउंट करा, आकडे त्याशिवाय दिसत नाहीत. नावाच्या रकान्यात नुसतं नाव न लिहिता विषय पण लिहा कारण सर्चमध्ये तो रकाना धरला जातो. बायोला १५० अक्षरं मिळतात, त्यात कोणासाठी, काय, आणि खाली लिंक, बस. २०२३ पासून बायोमध्ये ५ लिंक देता येतात पण मी एकच ठेवते, जास्त दारं असली की माणूस दारातच उभा राहतो. पोस्टच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबता येत नाही, स्टोरीवर लिंक स्टिकर चालतो.

पायरी ६: आता पोस्ट

आता पोस्टकडे येऊ. मी चार प्रकारच्या पोस्ट फिरवत राहते. पहिला प्रकार, अडचण दाखवणारी, ज्यात वस्तूचं नावसुद्धा घेत नाही. "बिल पाठवून दोन महिने झाले आणि विचारायला लाज वाटतेय" एवढ्यावरच एक रील केली होती, लोकांनी ती एकमेकांना पाठवली. दुसरा, फुकट तुकडा, म्हणजे वस्तूतला एक छोटा पण पूर्ण उपयोगी भाग देऊन टाकायचा. लोक घाबरतात की फुकट दिलं तर घेणार कोण, पण ज्याचं एक काम तुमच्या फुकट फॉर्म्युल्याने झालं तोच उरलेली शीट घेतो. तिसरा, वस्तू वापरतानाचा व्हिडिओ, स्क्रीन रेकॉर्डिंग, मागे तुमचा आवाज, सजावट नको. चौथा, वापरणाऱ्यांचे अनुभव, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव-फोटो झाकून.

थेट "विकत घ्या" म्हणणारी पोस्ट चार-पाच पोस्टींमागे एक टाका, पण ती टाकताना आडून आडून बोलू नका. काय आहे, किती किंमत, लिंक कुठे. लाजत लाजत विकणाऱ्याकडून घ्यायला लोकही लाजतात.

व्हिडिओ उभा, ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२०. सुरुवातीलाच अडचण बोला, "नमस्कार मित्रांनो आज आपण" यात माणूस पुढे निघून जातो. मजकूर अगदी खाली आणि उजव्या कडेला टाकू नका, तिथे बटणं आणि कॅप्शन येतं. स्क्रीनवर शब्द लिहा कारण खूप जण आवाज बंद ठेवून बघतात. लाइक मोजू नका, सेव्ह आणि शेअर बघा, सेव्ह म्हणजे माणसाला ती गोष्ट पुन्हा लागणार आहे.

पायरी ७: इनबॉक्स

विक्रीतला मोठा भाग मेसेजमध्ये होतो हे मला आधी माहीत नव्हतं. "कमेंटमध्ये शीट लिहा, लिंक पाठवते" ही पद्धत चालते, मॅनीचॅटसारखी टूल्स ते आपोआप करतात, पण माणसाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तासांच्या आतच इन्स्टाग्राम असे आपोआप मेसेज पाठवू देतं, त्यानंतर प्रचाराचा मेसेज जात नाही. मी पहिली लिंक आपोआप पाठवते आणि पुढचं बोलणं स्वतः करते. "घेऊ का?" असं कोणी विचारलं तर आधी विचारा की काम काय करता, आणि उपयोग नसेल तर सरळ नको म्हणून सांगा. मी ज्यांना नको सांगितलं त्यांनी नंतर दुसरी माणसं पाठवली आहेत.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. टेलिग्राम चॅनलला सदस्यांची मर्यादा नाही. पण न विचारता कोणालाही कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू नका, नंबर ब्लॉक होतो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

पायरी ८: स्वतःची यादी

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडले होते. वाइन हे छोट्या व्हिडिओंचं ॲप २०१७ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये. अशा एखाद्या दिवशी तुमचं लाँच असतं तर? फॉलोअर तुमचे नसतात, ईमेलची यादी तुमची असते. म्हणून वर म्हटलेला फुकट तुकडा ईमेलच्या बदल्यात द्या आणि आठवड्याला एक मेल, साध्या भाषेत, एक उपयोगाची गोष्ट. प्रत्येक मेलमध्ये अनसबस्क्राइब हवंच. आणि आजच्या आज सगळ्या अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारं लॉगिन) लावा, "कॉपीराइटची तक्रार आलीये, इथे लॉगिन करा" असे फसवे मेसेज विक्री करणाऱ्यांना सर्रास येतात.

लाँचच्या वेळी यादीला एक दिवस आधी द्या. पाच-सहा दिवसांचं लाँच पुरे, पहिल्या दिवशी वस्तू दाखवा, मधले दिवस आलेल्या प्रश्नांची उत्तरं, शेवटच्या दिवशी किंमत वाढणार असेल तर ती खरोखर वाढवा. पान रिफ्रेश केलं की पुन्हा चालू होणारा खोटा टायमर लावू नका, लोक ओळखतात.

पायरी ९: मोजमाप आणि जाहिरात

प्रत्येक लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला हे सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) जोडा, सोर्स, मीडियम, कॅम्पेन एवढे तीन भरले तरी चालतं. मग कळतं की विक्री रीलमधून आली, स्टोरीतून की मेलमधून. एका साध्या शीटमध्ये आठवड्याला चार आकडे लिहा, किती जणांनी पोस्ट बघितली, किती पानावर आले, किती पेमेंटपर्यंत गेले, किती जणांनी घेतलं. सगळ्यात मोठी गळती कुठे आहे तिथेच काम करा. पानावर खूप लोक येतात आणि कोणी घेत नाही, तर अजून रील्स करून काहीच होणार नाही.

पैसे देऊन जाहिरात त्यानंतर, जी पोस्ट फुकटात विकतेय तीच जाहिरातीत लावायची. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) एका ॲड सेटला (एकाच बजेटच्या आणि एकाच प्रेक्षकांसाठीच्या जाहिरातींच्या गटाला) शिकायला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात, त्यामुळे छोटं बजेट पाच ॲड सेटमध्ये वाटून टाकलं तर एकही नीट शिकत नाही. शिवाय एप्रिल २०२१ पासून आयफोनवर ट्रॅकिंगला परवानगी विचारावी लागते, म्हणून ॲड मॅनेजरमधला विक्रीचा आकडा आणि तुमच्या दुकानातला आकडा जुळत नाही. दुकानातला खरा माना.

विक्रीनंतर

डाउनलोड झाल्यावर तिसऱ्या दिवशी एक मेल, "उघडलं का, कुठे अडलं का?" रिव्ह्यू दहाव्या दिवसाच्या आसपास मागा. खोटे रिव्ह्यू विकत घेऊ नका, अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशनचा याविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, आणि पैसे किंवा कमिशन देऊन कोणाकडून प्रचार करून घेत असाल तर त्यांना ते पोस्टमध्ये उघड लिहायला सांगा.

फाईल कुठेतरी फुकट वाटली जाणार हे धरून चाला. पीडीएफवर घेणाऱ्याचा ईमेल छापायची सोय काही दुकानांत असते, ती लावा, आणि खुलेआम विकताना कोणी सापडलं तर त्या प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार करा, पण यात आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. तो वेळ ज्यांनी पैसे दिलेत त्यांना द्या. मी वर्षातून दोनदा शीट सुधारते आणि नवी आवृत्ती सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फुकट पाठवते, त्याच मेलच्या शेवटी एक प्रश्न असतो की शीट उघडल्यावर अजून कुठलं काम हाताने करावं लागतं. माझी दुसरी शीट त्या उत्तरांमधूनच निघाली, आणि तिच्या पहिल्या दिवशीच्या बहुतेक विक्रीसाठी मला एकही पोस्ट टाकावी लागली नव्हती.